पान सत्तेचाळीस, ओळ सहा

दहा वाजून दहा मिनिटांनी पेनाचं टोक कागदाला टेकलं आणि तिथंच थांबलं. समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं म्हणून वेळ पक्की सांगता येते. पुलाच्या अलीकडचं नेहमीचं कॉफीचं दुकान, खिडकीलगतचं टेबल, काचेच्या लहान पेल्यात काळी कॉफी, आणि पुढ्यात लोरांत विंत्सेचा प्रबंध. दुपारी दोनला संस्थेच्या सभागृहात त्यावर जाहीर चर्चा होती आणि दोन परीक्षकांपैकी एक मी. माझं लेखी मत दोन आठवड्यांपूर्वीच कचेरीत पोचलं होतं: तीन पानं, शेवटी ‘पदवी द्यावी अशी शिफारस करते’, खाली सही, सारोल्ता केरेकेश. आता फक्त उभं राहून ते वाचायचं होतं. सहज म्हणून पानं चाळत बसले होते. आमच्याकडे टंकलेखिकेच्या यंत्रावर गणिताची चिन्हं नसतात. ती शब्द टंकते आणि चिन्हापुरती जागा सोडून पुढं जाते. मग ज्याचा प्रबंध त्यानं पाचही प्रतींत एकेक चिन्ह काळ्या शाईनं हातानं भरायचं. चुकलं तर दाढीच्या पात्यानं खरवडायचं, नखानं कागद घोटायचा, पुन्हा लिहायचं. एकशे बारा पानं, पाच प्रती. एखादी जागा राहून जाते. सत्तेचाळिसाव्या पानावर सहाव्या ओळीत अशा दोन जागा राहिलेल्या दिसल्या आणि मला त्या पोराची दया आली. माझ्यासमोर लाज नको म्हणून मीच भरून टाकाव्यात असं वाटलं. ओळ तर माझीच होती.

साहाय्यक प्रमेय ३ (केरेकेश, १९६६). सिद्धता: आदर्श म च्या बाहेरचा कोणताही घटक अ घ्या.
अ = ______ · ______ असे लिहा.
हे दोन्ही घटक म च्या बाहेरच असणार. म्हणून…

मी हा प्रबंध दोनदा वाचला होता. दोन्ही वेळा ही जागा दिसली नव्हती. स्वतःची ओळ माणूस वाचत नाही, आठवतो. आता पेन टेकवून मी विचारलं, काय लिहायचं बरं इथं? कोणते दोन? आणि जिना उतरताना शेवटची पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी तसं झालं.

अर्धगट म्हणजे फार काही नाही. काही वस्तू, आणि कुठल्याही दोन घेऊन त्यांची तिसरी करण्याची एक रीत. आमच्या अर्धगटांत क्रमाला किंमत नसते. हा आधी की तो, सारखंच. पण परत फिरायची सोय नसते. गटात जे केलं ते उलटं करता येतं, अर्धगटात येत नाही. दोघांचा एक झाला की झाला. कार्दोश सरांनी पहिल्या व्याख्यानात हे सांगितलं तेव्हा मी अठरा वर्षांची होते आणि मला ते फार खरं वाटलं होतं, शाळेतल्या सगळ्या गणितापेक्षा खरं. मग ते आदर्शांवर आले. आदर्श म्हणजे आतला एक असा कोपरा की तिथल्या कुणालाही बाहेरच्या कुणाशीही गुणलं तरी उत्तर त्याच कोपऱ्यात पडतं. बाहेरचा कितीही मोठा असो. “गिळतो,” सर म्हणाले होते आणि खडूच्या हातानं हवेतलं काहीतरी मुठीत धरलं होतं. मला त्या मुठीची भीती वाटली होती आणि त्या भीतीपायीच मी हा विषय घेतला, असं आता वाटतं. मोठ्या अर्धगटात एक जण असा असतो की त्याच्याशी गुणलं तर काही बदलत नाही. त्याला आम्ही एक म्हणतो. तो असला की कुठल्याही अ चे दोन भाग पाडणं सोपं: अ गुणिले एक. झालं. सात वर्षांपूर्वी मी तेच लिहिलं होतं, न लिहिता, मनातल्या मनात, श्वास घ्यावा तसं. पण ते प्रमेय मोठ्या अर्धगटाबद्दल नव्हतंच. मी आदर्शाच्या आत उतरले होते, आतल्या कोपऱ्यालाच सगळं जग मानलं होतं, आणि तो एक, तो निरुपद्रवी, काही न बदलणारा, माझ्यामागून आत आला नव्हता. तो दाराबाहेरच राहिला होता. सात वर्षं मी त्याला आत धरून चालले होते.

मग कुणीतरी मुद्दाम समोर ठेवावा तसा बशीतला साखरेचा खडा दिसला. एक खडा. मोजायच्या संख्या घ्या: एक, दोन, तीन, पुढं सगळ्या. शून्य दाराबाहेर, कारण बेरजेत काही न बदलणारा तोच. रीत म्हणजे बेरीज. आता एक ही संख्या कुठल्या दोघांची बेरीज? कुणाचीच नाही. एक कशापासूनच होत नाही. दोन आणि त्यापुढचे सगळे मिळून एक आदर्श होतो, बाहेर उरतो एकटा एक, आणि एकात एक मिळवला की दोन, गिळला. माझं प्रमेय म्हणतं असं होणार नाही, बाहेरच्या दोघांचं मिळून जे होईल ते बाहेरच राहील. आणि हे पहिलीतल्या मुलाला साखरेच्या खड्यांनी दाखवता येतं. कागदावर पेनाच्या टोकाखाली शाईचा ठिपका पडला होता. तिथं ‘अ’ आणि ‘१’ लिहायला दोन सेकंद लागले असते. इतकी वर्षं ते कुणाला खुपलं नव्हतं, दुपारी दोनलाही खुपलं नसतं. मी पेनाला टोपण लावलं. कॉफीचे पैसे दिले का ते आठवत नाही; बाई मागून ओरडली नाही, म्हणजे दिले असावेत.

ट्राममध्ये बसले आणि तेव्हा खरी भीती आली. मी खोटी ठरेन एवढीच भीती नव्हती. गुणाकाराची होती. त्या प्रमेयावर माझे पुढचे दोन लेख उभे. माझी पदवी उभी. ब्रातिस्लाव्हाच्या एका गृहस्थांनी ते वापरून काहीतरी सुंदर केलेलं, त्यांचं आभाराचं पत्र माझ्या खणात. एका जपानी माणसानं मला कधी न पाहता माझं नाव तळटीपेत लिहिलेलं. आणि लोरांतचं तिसरं प्रकरण, सगळंच्या सगळं. चूक हा सुद्धा आदर्शच की. तिच्याशी जे जे गुणलं ते ते तिच्यात पडलं, गुणणारा कितीही प्रामाणिक असो. ती किती पसरली आहे हे मला मोजताही येत नव्हतं. मी एकेक नाव घेत होते आणि प्रत्येक नावापाठीमागून आणखी दोन येत होती. आणि सगळ्यांच्या पुढं लोरांत, कारण त्याला दोन वाजता उभं राहायचं होतं. आज मतं विरोधात गेली तर पुन्हा प्रबंध घेऊन यायला काही वर्षं. संस्थेतली त्याची जागा ऑगस्टअखेरपर्यंतची, पदवीवर अवलंबून. त्याचे मार्गदर्शक गेल्या हिवाळ्यात वारले, त्याच्यासाठी शब्द टाकायला कुणी उरलं नाही. मी मत वाचलं तर सगळं सुरळीत. मी न वाचता ______. वाक्य पुढं जाईना. ट्राम वळणावर करकरली. जुन्या घरांच्या भिंतींवर छातीएवढ्या उंचीला मागल्या शतकातल्या मोठ्या पुराच्या खुणा गेल्या, संगमरवरी पट्ट्या, कोरलेला हात आणि बोट: इथपर्यंत पाणी. जन्मापासून बघते आहे, पण आज ती बोटं ट्रामच्या खिडकीकडे दाखवत होती.

तीन वर्षांपूर्वी तिसा नदी पुन्हा तशी चढली होती. मे महिना. विद्यापीठच्या विद्यापीठ वाळूच्या गोण्या वाहायला बांधावर. मला वाहण्याइतकी ताकद नाही म्हणून पहाऱ्याला बसवलं, बांधाच्या कोरड्या बाजूला, शंभर पावलांचा पट्टा, एक शिट्टी. बांधावरचे जुने राखणदार आम्ब्रुश काका सांगून गेले, “पाणी वरून येतं असं लोकांना वाटतं. वरून येणारं दिसतं, पोरी. तू खाली बघ.” दुसऱ्या दिवशी दुपारी गवतात तळहाताएवढी जागा उकळल्यासारखी हलताना दिसली. तिला आमच्याकडे बुझ्गार म्हणतात: नदीचं पाणी बांधाच्या पोटाखालून वाट काढून कोरड्या बाजूला वर येतं, इवल्याशा झऱ्यासारखं, दिसायला गोजिरं. मी बघत राहिले. शिट्टी गळ्यात होती. मला वाटलं, कुणीतरी बादली सांडली असेल. मला वाटलं, वाजवली आणि काही नसलं तर गोण्या टाकून शंभर माणसं पळत येतील आणि म्हणतील, बघा, गणिताच्या बाई डबक्याला घाबरल्या. दहा मिनिटं गेली. पंधरा असतील. आम्ब्रुश काका आपणहून आले, वाकून त्यांनी त्यात हात घातला आणि मला तळवा दाखवला. बारीक करडी वाळू. “किती वेळ झाला?” त्यांनी विचारलं. “आत्ताच दिसलं,” मी म्हणाले. ते रागावले नाहीत; गोणी उचलून वर टाकायला मी धावले तेव्हा मात्र खेकसले. “वर टाकू नकोस! दाबलंस तर बाजूनं फुटेल. भोवती रिंगण घाल. आत चढू दे त्याला. नदीएवढा जोर आला की आपोआप मंदावतं. मग बघत बसायचं. नितळ आलं तर भ्यायचं कारण नाही. वाळू आणत असेल तर बांध आतून पोखरला जातोय.” बांध टिकला. माझ्या पंधरा मिनिटांची गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. सांगण्यासारखं काही घडलंच नव्हतं. पण अजून कुणी अचानक वेळ विचारली की मला आधी खोटी वेळ सुचते.

संस्थेच्या जिन्यावर एक बाई दोन परड्या घेऊन बसलेल्या, डोक्याला काळा रुमाल, पायांत नवे बूट, ते चावत असावेत कारण टाचा बाहेर काढलेल्या. मला बघून उठल्या. “नमस्कार बाई! तुम्हीच ना केरेकेश बाई? मी लोरांतची आई. माकोहून आले, सहाच्या गाडीनं.” परडीवरचा फडका बाजूला करून त्यांनी मला पोगाचा दाखवल्या, खाऱ्या, छोट्या पावांसारख्या, गोल, वर जाळी कापलेल्या. “ऐंशी केल्यात. डुकराच्या चरबीतल्या, तेलातल्या नाहीत. पुरतील ना? किती लोक येतात हो असल्या गोष्टीला?”

“पुरतील, काकू,” मी म्हणाले.

“चर्चा झाली की द्यायच्या असतात म्हणे. आणि वाईन. ती त्याच्या मामानं दिलीय, आंबट आहे पण फुकट आहे.” त्या हसल्या, मग एकदम माझी बाही धरून हळू आवाजात, “बाई, एक विचारू? गावात सगळे मला छळतात. म्हणतात, तुझ्या पोरानं सहा वर्षं घालवली ती अर्ध्या गटावर. अर्धाच का केला, पूर्ण का नाही केला?”

मी हसायला हवं होतं. माझं तोंड हसल्यासारखं झालं असावं.

“काहीतरी सांगा मला, त्यांच्या तोंडावर मारायला. उपयोग काय हो त्याचा?”

“काकू, तो…” मी म्हणाले. “तो फार नीट काम करतो.”

“ते मला माहीतच आहे. लहानपणी कांदेसुद्धा आकारानं लावून ठेवायचा.” मग पुन्हा फडका सारखा करत, “मला धडधडतंय बघा. पुराच्या साली आम्हाला ट्रकात घालून माकोतून हलवलं, आमचं घर मारोश नदीच्या बांधाला लागून, तेव्हासुद्धा एवढी भ्याले नव्हते. तुम्ही पास कराल ना त्याला?”

आणि मी म्हणाले, “चर्चा दोनला आहे, काकू. वर गार वाटतं, शाल घ्या.”

म्हणजे काहीच म्हणाले नाही. एक.

वरच्या मजल्यावर कार्दोश सर दारातच भेटले, चर्चेचे अध्यक्ष म्हणून काळा कोट, खिशात नेहमीचे साखरेचे खडे, त्यातला अर्धा दातांत. १९६६च्या हिवाळ्यात, मंगळवारच्या बैठकीत मी फळ्यावर तेच प्रमेय सिद्ध केलं होतं. त्या ओळीवर आले तेव्हा सर मान हलवत म्हणाले होते, “अर्थात.” त्या एका शब्दावर मी सात वर्षं जगले होते. तो शब्द त्यांनी परत घ्यावा अशी माझी इच्छा नव्हती आणि त्याच वेळी त्यावाचून दुसरं काहीही मला नको होतं.

“घाबरलेली दिसतेस, सारोल्ता. परीक्षा त्याची आहे, तुझी नाही.”

“सर, मला ______”

“तीन पानं आहेत ना तुझी? दोनच वाच. बुडापेस्टचे पाहुणे पाचच्या गाडीनं जाणार, त्यांना स्टेशनवर सोडायचं माझ्या गळ्यात आहे. आणि लोरांत बोलायला लागला की थांबत नाही.”

“हो सर,” मी म्हणाले. दोन.

ते गेल्यावर मी खिडकीशी उभी राहिले. खाली चौकात एक बाई लाकडाच्या ठोकळ्यावर गालिचा झोडपत होती, आणि आवाज जरा उशिरा येत होता, हात वर गेल्यावर. मी विचार करत होते की हे कुणालाच कळणार नाही. कळलं तरी दहा वर्षांनी, लांब कुठंतरी, आणि तोवर लोरांतची जागा पक्की झालेली असेल. आणि प्रमेयाला एक अट जोडून त्याचं बरंचसं वाचवताही येईल, शांतपणे, पुढच्या एखाद्या लेखात, तळटीपेत. ‘लेखिकेच्या लक्षात आले आहे की.’ कुणाचं नुकसान? हा युक्तिवाद इतका गुळगुळीत होता की मी त्यात जोड शोधायला लागले, सवयीनं. आणि जोड सापडला. ओळ सहा. ती जागा राहिली कशी? एकशे बारा पानांत दुसरी एकही रिकामी जागा नव्हती. मी तिथंच उभ्यानं सगळी पानं चाळून बघितली. कांदे आकारानं लावणारा मुलगा.

लोरांत बैठकीच्या खोलीत फळा पुसत होता, आधीच स्वच्छ असलेला. टेबलावर बाकीच्या चार प्रती, शाईची दौत, दाढीचं पातं कागदाच्या घडीत. नवा सदरा, कॉलर मोठी. मी दार लावून घेतलं.

“इतरांच्या प्रती दाखव. पान सत्तेचाळीस.”

त्यानं काही न विचारता पहिली प्रत उघडली. ओळ सहा, त्याच्या बारीक, सरळ अक्षरात: अ · १. दुसरीत तसंच. तिसरीत. चौथीत ‘१’ जरा थरथरलेला.

“माझ्यात का नाही?”

त्यानं चौथी प्रत मिटली. “हात चालला नाही, बाई.”

“केव्हापासून माहीत आहे तुला?”

“प्रती भरताना कळलं. तीन आठवडे झाले.” मग घाईघाईनं, जणू मी मारणारच आहे, “मी आधी समजलो, मलाच कळत नाहीये. तुमचं प्रमेय आहे. कार्दोश सरांनी पास केलेलं. मी म्हटलं, मी कोण? चार प्रतींत भरलं. तुमची शेवटची राहिली. मला वाटलं तुम्ही बघाल आणि… तुम्ही जे कराल ते बरोबर असेल.”

“म्हणजे तू माझ्या डोक्यावर टाकलंस.”

“हो.”

“भेकडा.” हे मी त्याला म्हणाले. आवाज मात्र दुसऱ्या कुणाला म्हणावा तसा निघाला.

“हो, बाई,” तो म्हणाला. “मग तुमचं मत आलं, कचेरीतून प्रत मिळाली. शिफारस करते. तेव्हा मला वाटलं, तुम्ही बघितलंत आणि ठरवलंत. मग मी खूश झालो. खूश म्हणजे झोप लागली. आणि तीन दिवसांनी पुन्हा लागेना.”

त्याला वाटलं होतं मी बघून गप्प बसले. त्याच्या मनात मी दोन आठवडे तसलीच होते. मी काही दुरुस्त केलं नाही. तीन. आणि मग एक विचित्र गोष्ट झाली, मला त्याचा राग यायच्या ऐवजी त्याच्या हातांचीच भीती वाटली, पाच प्रतींवरून एकेक चिन्ह भरत गेलेले ते हात, चार वेळा खोटं लिहून पाचव्या वेळी थांबलेले. माझे तर पहिल्यांदाच थांबायला हवे होते. तो म्हणाला, “आई आलीय खाली.” मी म्हणाले, “भेटले.” तो म्हणाला, “काय करायचं, बाई?” आणि मी उत्तर न देता बाहेर आले. चार.

दोन वाजता सभागृह अर्धं भरलेलं. पाच प्रती समितीपुढं. शेवटच्या रांगेत काळा रुमाल, परडी मांडीवर. दुसरे परीक्षक, बुडापेस्टचे, आधी बोलले, छान बोलले, तिसऱ्या प्रकरणाला ‘प्रबंधाचा कणा’ म्हणाले. मग सर म्हणाले, “केरेकेश बाई.” मी उभी राहिले. पहिलं पान वाचलं. माझा आवाज मला लांबून ऐकू येत होता, गालिच्यासारखा, उशिरा. दुसरं पान वाचलं. सरांनी घड्याळ बघून समाधानानं मान हलवली. तिसऱ्या पानावर शेवटची ओळ होती. मला स्पष्ट वाटलं की गळ्यात काहीतरी लटकतंय, थंड, पत्र्याचं, आणि मी हात वर नेला तर तिथं फक्त ब्लाउजचं बटण होतं.

“पान सत्तेचाळीस,” मी म्हणाले. “ओळ सहा.”

पाच प्रतींची पानं उलटल्याचा आवाज. हे लोक सवयीनं उलटतात.

“तुमच्या प्रतींत तिथं अ गुणिले एक असं लिहिलंय. तो एक तिथं नाही. आपण आदर्शाच्या आत आहोत, तो बाहेर राहिलाय. साहाय्यक प्रमेय तीन खोटं आहे. ते उमेदवाराचं नाही. माझं आहे.” मी फळ्याशी गेले. लिहिलं: १, २, ३, आणि पुढं ठिपके. बेरजेची खूण. एकावर बोट ठेवून उभी राहिले. बोलायची गरज नव्हती. बुडापेस्टचे गृहस्थ आधी पुढं झुकले, मग हसले, एकच, नाकातून, “अरे देवा. एक.” मग त्यांना स्वतःच्या ‘कण्याची’ आठवण झाली असावी, कारण ते थांबले आणि कानापर्यंत लाल झाले.

कार्दोश सर फळ्याकडे बघत होते. दातांतली साखर चघळायचे ते थांबले होते. मला माहीत होतं ते काय बघतायत: १९६६चा मंगळवार, आणि स्वतःची हललेली मान. मग ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “किती वेळ झाला?”

“सर?”

“हे कळून तुला किती वेळ झाला?”

आत्ताच. हा शब्द जिभेवर तयार होता, तीन वर्षं तयारच होता. “सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी कळलं,” मी म्हणाले. “त्यानंतर चार वेळा गप्प बसले.”

मग उमेदवाराची खुर्ची सरकली. मी त्याच्याकडे बघितलं नाही, बघितलं असतं तर त्याला खाली बस म्हणाले असते. “मला तीन आठवडे झाले,” लोरांत म्हणाला. “त्या चार प्रतींतला तो ‘एक’ मीच भरला. माहीत असून.”

समिती आत गेली, वीस मिनिटांनी बाहेर आली. सरांनी कोरड्या आवाजात वाचलं: मतदान नाही, चर्चा शरद ऋतूपर्यंत स्थगित, जिथं प्रत्येक घटकाचे खरोखर दोन भाग पडतात तेवढ्यांपुरतं तिसरं प्रकरण पुन्हा लिहावं, बाकी काढावं. उमेदवाराच्या आचरणाची नोंद वेगळी होईल. परीक्षकांच्याही. ऑगस्टबद्दल कुणी काही बोललं नाही. मीही नाही, पण ते मोजणं मी आता सोडलं होतं. सर फळा पुसायला गेले आणि पुसता पुसता थांबले, १ तसाच ठेवून फडकं खाली ठेवलं.

“झालं?” विंत्से काकू परडी घेऊन पुढं आल्या होत्या.

“नाही, आई. पुन्हा करायचंय.”

“पुन्हा म्हणजे? पोगाचासुद्धा पुन्हा?” कुणीतरी मागं हसलं. त्यांनी त्याच्या तोंडाकडे बघितलं, मग माझ्या, मग फडका काढला. “बरं. मग या तरी खाऊन घ्या, शिळ्या होतात.” पहिली कार्दोश सरांनी घेतली. मग सगळ्यांनी, रांगेनं, दवाखान्यात औषध घ्यावं तशी. आंबट वाईन कुणी उघडली नाही.

लोरांत टेबलाशी बसला, घडीतलं पातं काढलं आणि चारही प्रतींतलं ‘अ · १’ खरवडायला लागला. सभागृहात फक्त तेवढाच आवाज. कागदाचा बारीक भुगा टेबलावर पडत होता, करडा. एकेक जागा पुन्हा रिकामी होत गेली. मी माझी प्रत उघडली. माझ्यात खरवडायला काही नव्हतं, फक्त सकाळचा शाईचा ठिपका. ब्रातिस्लाव्हाला पत्र लिहावं लागेल. जपानला. पत्राला उत्तर काय येईल, कचेरीतून काय येईल, सर मंगळवारी बोलतील का. भीती तसूभरही हलली नव्हती. मी टोपण काढलं आणि त्या दोन रिकाम्या जागांभोवती शाईनं एक रिंगण काढलं, बंद, जाड. आत काही लिहिलं नाही.

विंत्से काकू माझ्या खांद्यावरून वाकून बघत होत्या. मारोशच्या बांधाशेजारी जन्म काढलेल्या बाईला रिंगण काय ते सांगावं लागत नाही. ते काय आहे असं त्यांनी विचारलंच नाही. म्हणाल्या, “नितळ येतंय का?”

मी नीट बघितलं.

“अजून वाळू येतेय, काकू.”

त्यांनी माझ्या हातात एक पोगाचा ठेवली, बोटं तिच्यावर मिटवली. “मग हलू नका इथनं,” त्या म्हणाल्या आणि माझ्या शेजारची खुर्ची ओढून बूट काढून बसल्या.